बांधीतला आंतरराष्ट्रीय अंपायर

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात क्रिकेटच्या गप्पांना तोटा नाही, पण देवचंदभाऊंचे किस्से वेगळेच साचत गेलेत. एक सांगायला बसलं की चार आठवतात. भाऊ आमच्या टेनिस बॉल टूर्नामेंटचे कायमचे अंपायर. मॅच धान कापलेल्या बांधीत, पण नियम मात्र आंतरराष्ट्रीय!

*

एक परदेशी अंपायर स्कोअर १११ झाला की अपशकुन नको म्हणून एक पाय उचलायचा. भाऊंनी टीव्हीवर पाहिलं आणि लगेच उचललं. नेमका आमचा स्कोअर १११ वर अडकला. ओव्हरमागून ओव्हर चालल्या, रनच निघेना! पाय बदलून बदलून थकलेले भाऊ शेवटी बॉलरवरच ओरडले, "अबे, एक वाइड तरी टाक बे!"

*

कीपरच्या मागं ठेवलेल्या हेल्मेटला बॉल लागला की बॅटिंग टीमला पाच रन. आमच्याकडं हेल्मेट कुणाकडं असणार! मी कीपर, माझ्या मागं जेवणाचा डबा. बॉल त्याच्यावर आदळला, भाऊंनी पाच रन देऊन टाकले.

"भाऊ, हेल्मेट कोठी आहे? वांग्याची भाजी आहे त्यात!"

"झाकण होतं ना? मग हेल्मेटच!"

*

वर्ल्ड कपमध्ये एका बॅट्समनच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, तयार व्हायला उशीर झाला आणि गडी एकही बॉल न खेळता टाइम्ड आऊट! आमच्या राजूचीही तीच गत झाली. विकेट पडली तरी राजूचा पत्ता नाही. बऱ्याच वेळानं चिखलाच्या पायांनी धावत आला. भाऊंचं बोट वर.

"लाइन आली होती ना भाऊ! शेतातली मोटर चालू करून आलो!"

"तू आऊटच. पण माही मोटर चालू केली का?"

*

आणि ती फायनल! टीव्हीवरच्या स्टंप माइकचं भाऊंना भारी कौतुक. त्यांनी मंडपवाल्याचा माइक स्टंपमागं बांधला, तो थेट भोंग्याला जोडलेला.

समोर तिरोड्याची टीम. त्यांचा ओपनर प्रकाश भाऊंच्या मुलीला पाहून गेला होता, पण महिना झाला, निरोप नाही. भाऊंची झोप उडालेली. प्रकाशचे वडील पाहुणे म्हणून मंडपात खुर्चीवर बसलेले, पण मुलीच्या बापानं विचारायचं कसं?

प्रकाश गार्ड घेत होता. मी मागून हळूच विचारलं, "काऊन हो पाव्हणे, पोरगी पसंत नाही का?"

"मले पसंत आहे ना! बाबाच मोटरसायकलसाठी अडून राहिले."

भोंगा गरजला. बॉलर धावता धावता थांबला. सगळं मैदान मंडपाकडं वळलं. भाऊंचं तोंड एवढंसं झालं, मला फार वाईट वाटलं.

मग भाऊंनी थर्ड अंपायरला विचारतात तसा दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला आणि मंडपाकडं बघत उभे राहिले.

प्रकाशचे वडील उठले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्रकाश्या, खेळ ना बे! मी कधी मोटरसायकल मागितलो?"