व्हर्ना गाणं बोलून संपवते

समुद्रकाठच्या बेकर्स टिकल गावच्या पोस्टात पत्र टाकायला गेलं, की व्हर्ना कीपिंग आधी तुमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करणार, मग पाकीट हातात घेणार. पाकिटावरचा पत्ता वाचून "अजून तिथेच आहे का तो? मला वाटलं होतं, बायकोने हाकललं असेल," असंही म्हणणार. कुणाला राग येत नाही. गावात चाळीसेक घरं, रस्ता नाही, आठवड्यातून तीनदा बोट येते. तिच्याशी भांडण काढलं तर पत्रं कुणाकडून घ्यायची?

पोस्टात येण्याआधी अठरा वर्षं ती मासळीच्या कारखान्यात कापायच्या टेबलाशी उभी होती. सरकारने कॉड मासा धरायला बंदी घातली आणि कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा कुठे तिचे हात कोरडे झाले. गाणी मात्र सगळी त्या टेबलाशी झालेली. यंत्रांचा एवढा आवाज असायचा, की मोठ्याने गायलं तरी शेजारणीला ऐकू जात नसे. तिथे ती ओळी जुळवायची, घरी येऊन भावाच्या जुन्या गिटारवर चाल बसवायची, आणि रविवारी देवळात बाजाची पेटी वाजवायला बसली, की स्तोत्रांआधी मनात म्हणायची, "देवा, या आठवड्यात एवढं झालं. चुकलं असेल तर सांग."

तिच्या तीन कॅसेट निघाल्या. पहिली गावच्या मास्तरांनी देवळातच ध्वनिमुद्रित केली. तिच्यातल्या दुसऱ्या गाण्यात छपरावर बसलेला समुद्रपक्षी असा काही ओरडतो, की लोकांना वाटतं मुद्दाम घातलाय. दुसरी आणि तिसरी समाजमंदिरात झाली. गाणी सगळी इथल्याच माणसांची. कुणाची होडी, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणी कामाला पश्चिमेकडे गेलेला आणि तिथून फक्त मोजे पाठवणारा. ज्याचं गाणं असेल त्याच्या स्वयंपाकघरात ते आधी गायचं, हा तिचा नेम. घरच्यांनी "हो" म्हटलं तर पुढे. एकदा गार्लंड हिस्कॉकने "माझं नाक एवढं मोठं नाही," म्हणून अख्खं कडवं काढायला लावलं होतं. तिने काढलं. नाक मात्र आहे तेवढंच आहे.

आणि गाणं संपवायची पद्धत तिची एकटीची नव्हे, किनाऱ्यावरच्या सगळ्यांची. शेवटचे दोन-तीन शब्द इथे गात नाहीत, बोलतात. सूर सोडून द्यायचा आणि कुणाला हाक मारावी तशा साध्या आवाजात ते शब्द म्हणायचे. मग ऐकणाऱ्याला कळतं, झालं. मग तो "शाब्बास गं पोरी," म्हणतो, कप खाली ठेवतो, खोकायचं राहिलं असेल तर खोकून घेतो. त्याआधी नाही.

चौथ्या वेळी सीडी करायची ठरली. सेंट जॉन्स शहरात डेमियन फर्लाँग नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. त्याने तिच्या कॅसेट ऐकून आपणहून पत्र पाठवलं होतं. माणूस चांगला, चाळिशीचा, कानाचा तयार. व्हर्ना पाच दिवस तिथे राहिली. त्याने व्हायोलिन घालू का विचारलं, तर म्हणाली, "एका गाण्यात घाल. सगळीकडे घातलंस तर लोकांना वाटेल, मी आजारी आहे." तो हसला. दोघांचं जमलं.

या सीडीत ती ॲम्ब्रोजचं गाणं घालणार होती.

ॲम्ब्रोज डर्नफर्ड हा ड्रुसिला मावशीचा मुलगा. एकोणीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरात होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. व्हर्नाने गाणं तेव्हाच केलं होतं, पण मावशीच्या स्वयंपाकघराबाहेर ते कधी गेलं नाही. वर्षातून एकदा मावशी म्हणायची, "गा बाई त्याचं." की गायचं. गाण्याच्या शेवटी त्याचं नाव येतं, ते बोलायचं. या खेपेला मावशीनेच विषय काढला. "मी शहाऐंशीची झाले. मी गेल्यावर ते ऐकायला कोण मागणार? घाल त्या सीडीत. पण नीट घाल."

"नीटच घालीन मावशी. मी कधी वेडंवाकडं गायलेय?"

स्टुडिओत तिने ते एका दमात गायलं. काचेपलीकडून डेमियनने विचारलं, "शेवटी दम संपला का? नाव गायचं राहिलं." ती हसून म्हणाली, "अरे बाबा, आमच्याकडे असंच असतं." तोही हसला. तिला वाटलं, त्याला कळलं. बोट चुकेल म्हणून शेवटची जुळवाजुळव न ऐकताच ती निघाली. चूक असेल तर ती एवढीच, आणि ती आपली, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

नमुन्याची सीडी टपालाने आली. टपालाची पिशवी तिनेच उघडली, पाकिटावर शिक्का तिनेच मारला, आणि रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सीडी घेऊन थेट ड्रुसिला मावशीकडे गेली. घरात शिरताना इथे कुणी दार वाजवत नाही. आत चुलीजवळच्या कोचावर सेल्बी काका आधीच लोळत होते. ते मावशीचे दीर. स्वतःचं घर असूनही त्यांना तिथल्या कोचावर झोप लागत नाही. मावशीने डब्यातलं दूध घालून चहा केला, काकवीचा पाव कापला. व्हर्नाने यंत्र टेबलावर ठेवून गाणं लावलं.

मावशी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. कडव्यामागून कडवं झालं. शेवटची ओळ आली, आणि त्या ओळीच्या शेवटी ॲम्ब्रोजचं नाव सुरात, लांबवून, गोड गायलेलं निघालं. व्हर्नाच्या अंगावर काटा आला. तिचाच आवाज होता तो. दुसऱ्या कडव्यातून उचलून शेवटी चिकटवलेला.

गाणं थांबलं. कुणी हललं नाही. काका कप तोंडापाशी धरून तसेच. मावशी यंत्राकडे बघत बसलेली. मग पुढचं नाचाचं गाणं धडाक्यात सुरू झालं.

"हे मध्येच काय लागलं?" मावशी म्हणाली. "त्याचं व्हायचंय ना अजून."

व्हर्नाने यंत्र बंद केलं. "झालं ते, मावशी."

"कुठे झालं? तो तर अजून पाण्यावरच आहे."

काका म्हणाले, "मला वाटलं, वीज गेली. चहा गार झाला माझा थांबून थांबून."

"तुम्ही गप्प बसा हो," मावशी म्हणाली. मग व्हर्नाकडे वळून, आवाज न चढवता, "पोरी, असं असेल तर नको घालूस ते. त्याचं नाव खाली ठेवायचं असतं. हे तर हातातच राहिलं. हे असं गावोगाव जाऊन ऐकवायचं? नको."

व्हर्नाने वाद घातला नाही, गयावयाही केली नाही. "मावशी, मी शब्द दिलाय. नीट होईल, तुम्हाला ऐकवीन, तेव्हाच ती सीडी निघेल. नाहीतर एकही गाणं निघणार नाही."

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधी तिने फोन लावला.

"डेमियन, माझं गाणं कुणी संपवलं?"

"आवडलं ना? कळतसुद्धा नाही जोड दिल्याचं."

"कळतं. शहाऐंशी वर्षांच्या बाईला कळलं. माझे बोललेले शब्द परत बसव."

मग तो म्हणाला, "ते राहिले नाहीत. त्यांच्यावरच हे चढवलंय. आणि व्हर्ना, खरं सांगू? इथे ज्याला ज्याला ऐकवलं, त्याला वाटलं सीडी बिघडलीय. पुढच्या सोमवारी माल सीडी छापायच्या कारखान्यात जायचाय. अशी काढलीस तर लोक परत पाठवतील."

"पाठवू देत. पोस्ट माझंच आहे."

"म्हणजे तू परत इथे येणार?"

"मी कशाला येऊ? मोडलं कुणी? तू ये. बुधवारची बोट धर. यंत्र घेऊन ये आणि जाड मोजे आण."

डेमियन आला. त्याला बोट चांगलीच लागली होती. धक्क्यावर उतरला तेव्हा चेहरा चुन्यासारखा. मावशीच्या घरापाशी येऊन त्याने सभ्यपणे दार वाजवलं. आत सेल्बी काका ताडकन उठून बसले.

"कोण मेलं? दार वाजतंय!"

"शहरातला आहे तो," व्हर्ना म्हणाली. "ये रे आत, तुझ्यासाठी कुणी उघडायला येणार नाही."

मावशीने त्याला नखशिखान्त पाहिलं. "हाच का, माझ्या पोराचं नाव ओढून लांब करणारा?"

डेमियनने टोपी काढली. "मला... मला ठाऊक नव्हतं, आजी."

"आता झालंय ना ठाऊक? बस. आधी पाव खा. रिकाम्या पोटी माणूस कानाने नीट ऐकत नाही."

पाव खाऊन झाल्यावर त्याने तारा पसरल्या, माइक उभा केला, आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "तेवढं घड्याळ थांबवावं लागेल. टिकटिक येईल."

व्हर्ना काही म्हणणार तोच मावशी म्हणाली, "इथे घड्याळ माणूस गेल्यावर थांबवतात. ॲम्ब्रोजसाठी मी थांबवलं नव्हतं. आज तुझ्यासाठी नाही थांबवायची."

"असू दे टिकटिक," व्हर्ना म्हणाली. "पहिल्या कॅसेटीत पक्षी आहे, त्याच्यापेक्षा घड्याळ बरं."

तिने खुर्ची मावशीच्या समोर ओढली. स्टुडिओत ती काचेकडे बघून गायली होती; ते आता तिच्या ध्यानात आलं. डोळे मिटून क्षणभर देवाला स्मरलं. देवळात करते तेवढंच, जास्त नाही. मग गायला लागली. गिटारही घेतली नाही. होडी धक्क्यावरून सुटली, वारा फिरला, दिवे घेऊन माणसं किनाऱ्यावर उभी राहिली. चुलीत एक लाकूड मोडलं. तिचा आवाज कुठे हलला नाही. हलायला नको, हे तिला पक्कं माहीत होतं. रडायचा हक्क त्या घरात एकीचाच होता, आणि तीही रडत नव्हती. शेवटची ओळ आली. व्हर्नाने सूर सोडला, मावशीच्या डोळ्यांत बघितलं आणि टेबलापलीकडच्या माणसाची ओळख करून द्यावी तसं म्हणाली,

"ॲम्ब्रोज डर्नफर्ड."

"हो," मावशी म्हणाली. "माझाच तो."

काकांनी कप ठेवला. ते खोकले, चांगले दोनदा.

डेमियनने यंत्र बंद केलं. कानावरचे हेडफोन काढायला त्याला जरा वेळ लागला. मग हळूच म्हणाला, "सुरेख झालं. फक्त शेवटी आजी बोलल्या. तेवढ्यासाठी आणखी एकदा घेऊ या? सुरक्षित म्हणून?"

"एकदा खाली ठेवलंय त्याला," मावशी म्हणाली. "परत उचलायचा नाही."

त्याने व्हर्नाकडे पाहिलं. धंदा तिचा, नाव तिचं, सीडीवर चेहराही तिचाच यायचा होता. व्हर्नाने क्षणाचाही विचार केला नाही.

"मावशी, तुमचं बोलणं ठेवू का काढू? तुम्ही सांगा."

मावशी खिडकीतून बाहेर बघत राहिली. धक्क्यावर बोट भोंगा देत होती. "सगळीकडे ऐकू जाईल ते?"

"जिथे जिथे जाईल तिथे."

"मग ठेव. त्याची आई होती, एवढं कळू दे लोकांना."

"ऐकलंस?" व्हर्ना डेमियनला म्हणाली. "घड्याळ, चूल, मावशी, सगळं ठेवायचं. हात लावलास तर या खेपेला मी तिकडे येईन, आणि मला बोट लागत नाही."

त्याने हात लावला नाही. वेळेवर माल छापून झाला. पहिली पेटी आली ती व्हर्नाने पोस्टाच्या खिडकीत नाही, आधी मावशीच्या टेबलावर उघडली, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे सीडी ऐकवली. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं, स्वतःचा आवाज आला तेव्हा नाक मुरडलं, "म्हातारी झालेय मी," म्हणाली, आणि बटाटे सोलायला घेतले.

डेमियनचंही खरं ठरलं. उन्हाळाभर कुठून कुठून सीडी परत आल्या. एक पश्चिमेकडच्या अल्बर्टामधून, एक थेट किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाहून. "सातवं गाणं तुटलं आहे, शेवटी खोलीतलं कुणीतरी बोलतं, कृपया बदलून द्यावी." व्हर्ना आलेली सीडी टपालाच्या पिशवीतून काढायची, खिडकीमागे बसून हाताने चिठ्ठी लिहायची, आणि तीच सीडी तिच्यासोबत परत पाठवायची. चिठ्ठीतला मजकूर दर वेळी तोच:

"आपली सीडी चांगली आहे. गाणं तिथेच संपतं. शेवटी बोलतात त्या ड्रुसिला डर्नफर्ड, त्याची आई. पुन्हा एकदा ऐकावी. — व्हर्ना कीपिंग, बेकर्स टिकल."

दुसऱ्यांदा एकही परत आली नाही.