तुम्ही माझ्या पायताणात असता तर

माझीच पायताणं डोक्यावर घेऊन मी शाळेच्या पडवीत उभा होतो. आतून पोरं माना काढून बघत होती, हसत होती. तळाचा वाळलेला चिखल केसांत पडत होता.

मी काय केलं होतं? एक वाक्य. इंग्रजीत.

महाराजांच्या हुकमानं आम्हा अस्पृश्यांची निराळी शाळा मोडली आणि कोल्हापुरातल्या सगळ्यांच्या वर्गात आम्हाला घेतलं. हुकूम दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. सगळी पोरं बाकावर, मी दाराजवळ, घरून आणलेल्या गोणपाटावर. माझा बा चांभार. त्यानं शिवलेली पायताणं निम्म्या वर्गाच्या पायांत होती.

त्या दिवशी मास्तर इंग्रजीतले वाक्प्रचार सांगत होते. म्हणाले, साहेब लोक दुसऱ्याच्या बुटात उभे राहतात. म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघतात. मला काही केल्या उमगेना. आमचं घर पायताणांनी भरलेलं, पण गिऱ्हाइकाच्या जोडात पाय घातला म्हणून बानं मला एकदा बडवलं होतं. चांभाराच्या पोरानं घातलेला जोड कोण घेणार? आणि साहेबाच्या मुलखात हाच शहाणपणा? मी विचारलं, "मास्तर, बूटच का? टोपी का नाही?"

"वाक्प्रचाराला कारण विचारायचं नसतं. रूढीनं आलंय, तसं म्हणायचं."

हे उत्तर मला नवीन नव्हतं. गोणपाटाचं कारण विचारलं तेव्हाही हेच मिळालं होतं.

मग प्रत्येकानं एक वाक्य करायचं होतं. माझी पाळी शेवटी आली. मनात काही वाकडं नव्हतं. रोज दिसत होतं तेच बोललो. "इफ यू वेअर इन माय शूज, सर, यू वुड सिट निअर द डोअर."

मास्तर लालबुंद.

"माझे पाय? तुझ्या वहाणांत?" त्यांनी छडीनं दाराबाहेरची माझी पायताणं दाखवली. "घे डोक्यावर. उभा राहा बाहेर."

मास्तरांनी मला हात लावला नाही. विटाळ झाला असता.

शाळा सुटताना बा तिथून जोड पोचवायला चालला होता. मला बघितलं. काय झालं, विचारलंसुद्धा नाही. आधी स्वतःची पायताणं काढून काखेत मारली, मग हात जोडले. "मास्तर, लेकरू चुकलं. पोटात घाला."

"त्यानं माफी मागावी. नाहीतर उद्यापासून येऊ नये."

बा माझ्याकडं बघत राहिला. मी शिकावं यासाठी त्याचा जीव तुटत होता. तरी त्या वेळी मला मास्तरांपेक्षा त्याच्या जोडलेल्या हातांचा जास्त राग आला. आणि एक गोष्ट लख्ख कळली. त्या वाक्प्रचाराचा अर्थ मास्तरांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. त्यांच्याही पायांत बानं शिवलेलाच जोड होता. माझ्या जागी बसून बघायचं, एवढंच त्यांना सोसलं नाही.

मी पायताणं खाली घेतली. पायांत घातली.

"वाक्य बरोबर हाय का चूक, तेवढं सांगा."

मास्तरांनी आत जाऊन पट उघडला. माझं नाव पटावरून गेलं.

घरी जाताना मास्तरांच्या जातवाल्यांची आळी लागते. तिच्या तोंडाशी आमच्या लोकांनी पायताण काढून हातात घ्यायचं. बानं काढलं.

"काढ की रं. आता आणि मार खाणार हाईस व्हय?"

"न्हाय काढणार."

मी करकर वाजवत आळीतून गेलो. मागून आळीतल्या कुणाचा तरी दगड आला, पाठीत बसला. माझ्या मागून बा अनवाणी येत होता.

शाळा परत मिळाली नाही. इंग्रजी मी मिळेल तिथं शिकलो. ते वाक्य मागं घेतलेलं नाही, घेणारही नाही. मला ज्यानं अनवाणी ये म्हणायचं, त्यानं आधी दाराजवळ गोणपाटावर बसून दाखवावं.