बर्फाचा डबा

लातूरच्या तपासणी केंद्रात नमुने घेणारा तो माणूस दिवसभर मिशीला कंगवा लावतो. बायकांना मावशी म्हणतो, पण तोंडाकडे बघत नाही.

माझ्या भावाला रक्ताचा कॅन्सर आहे. कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेतलं प्रोटीन तपासून त्याचं औषध ठरणार होतं. नमुन्याची नळी बर्फात ठेवायची होती. ह्यानं ती खिडकीत उन्हात ठेवली.

"दादा, बर्फ," मी हळूच म्हटलं.

"व्हय मावशी, ठेवायलोय ना."

नमुना नासला. डॉक्टरांना हा म्हणाला, "पेशंटचं रगतच खराब हाय."

भावाच्या हाडात पुन्हा सुई घातली. ह्या वेळी नमुने न्यायची गाडी येईपर्यंत बर्फाचा डबा मी मांडीवर धरून बसले.

"मावशी, माझ्यावर विश्वास न्हाई का?"

"न्हाई," मी म्हटलं.