साहेबांच्या स्मरणार्थ भिंत

आमचे माजी आमदार दर रविवारी गरिबांची घरं बांधू लागायला जायचे. पद होतं तेव्हाही, गेल्यावरही. स्वतःची थापी घेऊन यायचे, मुकाट्यानं विटा रचायचे. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात अशी किती घरं झाली.

ते वारले. वर्षश्राद्धाला कार्यकर्त्यांनी ठरवलं, श्रमदानानं एक घर बांधून साहेबांना आदरांजली वाहायची. घर ठरलं माझ्या विधवा काकूचं. मिस्त्रीनं आदल्या दिवशी भिंत कमरेपर्यंत आणून ठेवली. विटा उचलून द्यायला मी उभा राहिलो.

सकाळपासून पुढाऱ्यांच्या गाड्या येऊ लागल्या. भिंतीमागे टेबलावर साहेबांचा हार घातलेला फोटो होता. जो तो यायचा, एक वीट ठेवायचा, फोटो काढून घ्यायचा आणि चहाकडे वळायचा. दोन थर चढले तसा फोटोग्राफर ओरडला, "साहेब झाकून राह्यले ना भाऊ! थर उतरवा."

मिस्त्रीनं उतरवले. पुन्हा पुढारी, पुन्हा विटा, पुन्हा उतरवणं. मग एक बुटके सभापती आले. त्यांच्यासाठी आणखी थर काढले. दुपारी भिंत माझ्या गुडघ्याशी आली.

काकूला राहवलं नाही. "साहेब येत तं भिंत वर जाये," ती म्हणाली, "तुम्ही आले तं खाली येऊन राह्यली."

मांडवात पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या एकदम खळखळून हसल्या. ते गेल्यापासून त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मग सत्काराची शाल खुर्चीवर टाकून त्यांनी पदर खोचला.

"दे रे वीट," त्या मला म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही कायले?"

"जलमभर त्यायचा डबा भरला मी. वापस येताना त्यात रेती राहे. पाहू तं दे, एवढं काय होतं या कामात!"

त्यांनी टेबलावरचा फोटो उचलून सिमेंटच्या पोत्यांवर नेऊन ठेवला. आता वहिनीच मातीत उतरल्यावर पुढाऱ्यांना चहा पिता येईना. सभापतींनी सिमेंटच्या मालाचं घमेलं डोक्यावर घेतलं. निम्मा माल त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडला. तरी गडी हटला नाही. दिवस मावळायच्या आत भिंत खिडकीच्या वर गेली.

काकू पुढच्या महिन्यात राहायला गेली. वहिनी मात्र थांबल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारी त्या शेजारच्या गावात एका मजुराचं घर बांधू लागायला निघाल्या, तेव्हा मीही त्यांच्या जीपमध्ये चढलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.