हवामानाचा फुगा

आमचे भावोजी हवाईदलात लढाऊ विमान उडवायचे. त्यांच्या तळावर एक रीत होती. वर काहीही विचित्र दिसलं, तरी खाली उतरल्यावर 'हवामानाचा फुगा' म्हणायचं. वरिष्ठ मान डोलवायचे, चहा यायचा, विषय संपायचा. इतके फुगे दिसायचे, की हवामान खात्याला दुसरा उद्योगच नसावा.

भावोजी मात्र नाकासमोर चालणारे. एकदा भरदुपारी एक चकचकीत गोळा बराच वेळ त्यांच्या विमानाशेजारून उडत राहिला. ते वळले की तोही वळायचा. उतरल्यावर त्यांनी पाहिलं तसं सांगितलं. शेजारच्या विमानातला त्यांचा जिगरी दोस्त म्हणाला, "मला काही दिसलं नाही."

भावोजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळे ठणठणीत निघाले आणि पंचाईत झाली. डोळे चांगले, म्हणजे डोकं बिघडलेलं. त्यांचं उडणं कायमचं बंद करून त्यांना कंट्रोल टॉवरमध्ये बसवलं. मी मेहुणा, टर उडवण्याचा हक्क माझा, म्हणून मी त्यांना 'तबकडी' म्हणायचो. ते हसायचे. त्यांना एवढंच हवं होतं, की दोस्ताने एकदा खरं सांगावं. दोस्त मात्र बढत्या घेत तळाचा प्रमुख झाला.

मागच्या वर्षी हे साहेब एकटेच विमान घेऊन वर गेले होते. टॉवरमधल्या रेडिओवर त्यांचा आवाज आला, "डावीकडे काहीतरी चमकतंय. मी वळलो की तेही वळतंय."

टॉवरमधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. भावोजींनी 'नीट सांगा' एवढं म्हटलं असतं, तरी त्यांच्यावरचा डाग धुतला गेला असता. साहेबांचं उडणंही बंद झालं असतं.

भावोजी म्हणाले, "हवामानाचा फुगा असेल, साहेब."

रेडिओ खरखरला. मग आवाज आला, "हो. फुगाच."

घरी हे ऐकून माझी बहीण भडकली. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात."

"त्याला खाली बसवलं असतं, तर टॉवरमध्ये माझ्याच शेजारी बसवलं असतं. दिवसभर कोण सहन करणार?" भावोजी म्हणाले. मला त्यांची टर उडवल्याची लाज वाटली.

संध्याकाळी साहेब घरी आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चहाला हात न लावता, खाली बघत म्हणाले, "तेव्हाही मला दिसलं होतं."

भावोजींनी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"ठाऊक होतं. डोळे चांगले आहेत तुझे. फक्त डॉक्टरला कळू देऊ नकोस."