गारगोटीच्या ढलप्या

डिचोलीजवळच्या आमच्या घरामागे उतार आहे. खाण बंद पडल्यावर तिथली माती वाहून गेली आणि गारगोटीच्या ढलप्या उघड्या पडल्या. शाळेत इतिहास शिकवते म्हणून माझी नजर अडकली, नाहीतर मीही त्या तुडवत कपडे वाळत घालत राहिले असते. दगडी हत्यार घडवायचं तर नदीतला गोल गोटा घ्यायचा, गारगोटीच्या कडेवर तिरका घाव घालायचा. ढलपी उडते, तिला ब्लेडसारखी धार असते. मी करून पाहिलं. बोटं कापली, हत्यार काही जमलं नाही.

आमच्या उतारावर मात्र आदिमानवाला ते जमलं होतं. ढलप्या उडाल्या तिथेच पडलेल्या, मधे मांडी घालून बसण्यापुरती जागा मोकळी. कुठला घाव आधी, कुठला मागाहून, हे त्या पडण्यावरूनच कळणार होतं. त्या हलवल्या की उरणार नुसती खडी.

ट्रकवाल्यांनी ट्रक लावायला उतार सपाट करायचं ठरवलं, तेव्हा मी गावभर डोकं आपटलं. तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत तरी थांबा! सगळे ढिम्म. शेवटी मोठ्या दिरांना म्हटलं, "भाऊजी, हे आपल्या पूर्वजांच्या हातचं आहे हो."

त्यांना तेवढंच पुरलं. पूर्वज म्हणजे गावाची राखण करणारा राखणदार. त्यांनी तिथे रोट आणि विडी ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि कुणाच्या बापाला न भिणारे ट्रकवाले पुन्हा फिरकले नाहीत. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

मग मी माहेरी वाळपईला गेले. परतले तर उतारावर सिमेंटचा चौथरा, वर घुमटी, भोवती चकचकीत लाद्या. ढलप्या धुऊन, तेल लावून चौथऱ्यात नक्षीसारख्या बसवलेल्या.

"एक पण सोडूक नाय, बाय," भाऊजी कौतुकाने म्हणाले. "सगळे फातर वेचून काढले. आता कोण हात लावता तां बघूया."

संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, भक्तीने.

पुढे तज्ज्ञ आले. चपला काढून त्यांनी नमस्कार केला, मूळ जागेवर आता काहीच नाही म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

परवा चौथऱ्यातली एक ढलपी सैल झालेली दिसली. नुसतं बोट लावलं, तर वाटेवरून शेजारीण ओरडली, "राखणदाराक हात लावू नकात, बाई!" मी बोट काढून घेतलं आणि तिच्यादेखत हात जोडले.