कारभारी हवालदारांचा वर्ग

त्र्याहत्तरच्या जानेवारीत आम्हा बावीस अधिकाऱ्यांना नगरच्या पोलीस हेडक्वार्टरला सहा दिवसांच्या वर्गासाठी बोलावलं. त्या वेळी आमच्यातला एकही जण धड झोपलेला नव्हता. दुष्काळ होता. खडी फोडायच्या प्रत्येक कामावर रोज काहीतरी व्हायचं. हजेरीवरून भांडण, टँकरवरून हाणामारी, नाहीतर धान्याचा ट्रक अडवलेला. मी तेव्हा फौजदार होतो. तीन दिवस एका तलावाच्या कामावर बंदोबस्त करून तसाच जीपमध्ये बसून आलो होतो. बुटांतली माती निघाली नव्हती.

दिल्लीहून एक इंग्रजी पुस्तिका आली होती. देशातल्या सगळ्या ठाण्यांनी फिर्याद कशी घ्यावी, माणूस ताब्यात घेतला तर काय काय करावं, नोंदी कशा ठेवाव्यात, याची एकच रीत त्यात घालून दिली होती. ती ठाण्याच्या प्रमुखांना शिकवायची, असा वरून हुकूम होता. पहिल्या दिवशी पुण्याहून एक मोठे अधिकारी आले, तीन तास इंग्रजीत बोलले आणि जेवून परत गेले. कवायतीच्या मैदानाकडेच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये निम्मे लोक डुलक्या घेत होते. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डी.एस.पी. साहेब स्वतः आले. वयानं तरुण, आवाज हळू. म्हणाले, "पुस्तिकेचं मराठी आमच्या ऑफिसातल्या दिघे हवालदारांनी केलंय. उरलेले पाच दिवस तेच समजावून सांगतील."

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. हवालदार इन्स्पेक्टरांना शिकवणार!

कारभारी दिघे दारातून आत आले आणि आधी त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. पंचावन्नच्या पुढचं वय, सडसडीत अंग, हाफ पँटखाली सुजलेला डावा गुडघा. संगमनेरकडचे. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेले, पण वीस वर्षं ठाण्यांत रायटर, म्हणजे लेखनिक, म्हणून काढलेली. कोर्टाचे निकाल वाचून वाचून इंग्रजी शिकलेले. पुस्तिकेचं मराठी करायला त्यांना तीन आठवडे लागले. ते सायक्लोस्टाइल करून त्यांनी प्रत्येकाच्या हातात दिलं. जांभळी शाई बोटांना लागत होती.

"साहेब लोकांपुढं मी बोलावं असं न्हाई," ते म्हणाले. "पण हुकूम हाय. चुकलं तर सांगा."

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या नियमापाशीच त्यांनी आमच्यातल्या सर्वांत वजनदार इन्स्पेक्टरांना विनंती केली, "साहेब, तुमी फिर्यादी व्हा. तुमची शेळी चोरीला गेलीय." इन्स्पेक्टर हसत पुढे गेले. हवालदार टेबलामागे बसले आणि कागद चाळू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हवालदार मान वर करीनात. इन्स्पेक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, रुमालानं मान पुसली. शेवटी चिडून म्हणाले, "अहो दिघे, किती वेळ उभं करणार?"

हवालदार लगेच उठले. "माफी असावी साहेब. अजून तुमचं नाव बी विचारलं न्हाई. आपल्याकडं बाया-माणसं दुपारपर्यंत अशी उभी ऱ्हातात. पुस्तिकेत लिवलंय, आधी बसवा, मग विचारा."

हॉल हसला, पण त्या हसण्याला टोचणी होती. इन्स्पेक्टरांनी त्या कलमाखाली रेघ ओढली.

चौथ्या दिवशी ताब्यातल्या माणसाचा नियम आला. माणूस आणला की वेळ लिहायची. अंगावरच्या खुणा लिहायच्या. घरच्यांना कळवायचं. मार लागला असेल तर डॉक्टरकडे न्यायचं, आणि मार कसा लागला ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. हवालदार एकेक कलम सांगत होते. बाहेर ऊन तापलं होतं. आदल्या दिवशी माझ्या ठाण्यातून निरोप आला होता की टँकर फोडला, दोन शिपाई जखमी झाले. मी इथे बसून खुणा लिहायला शिकत होतो. मला राग आला. तो खरं तर हवालदारांवर नव्हता, पण समोर तेच होते.

मी बसूनच म्हणालो, "हवालदार, वीस वर्षं रायटर होता तुम्ही. तुमच्या हातून डायरीत कधी खोटी नोंद गेलीच नाही का?"

काहीजण हसले. हवालदारांनी चष्मा काढला. काच पुसली नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

"गेली साहेब," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्रेपन्न साल. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात ते रायटर होते. बैलजोडी चोरल्याच्या संशयावरून बाजारातून सूर्यभान नावाच्या एका तरण्या माणसाला उचललं. तेव्हाच्या फौजदारांनी त्याला काठीनं मारलं. उजवं कोपर मोडलं. मग फौजदार बाहेर आले आणि म्हणाले, लिहा, पळून जाताना ओढ्यात पडला.

"मी लिहिलं," हवालदार म्हणाले. "सूर्यभान भिंतीला टेकून बसला हुता. मी लिहितोय हे बघत हुता. म्हणला, 'हवालदार, माझं बी लिहा की.' मी पेन खाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी बैल सापडले, शेजारच्या शिवारात चरत गेल्ते. त्याला सोडून दिला. हात मात्र तसाच राहिला."

हवालदारांनी चष्मा घातला. "पुढचं कलम, स्त्री आरोपी," ते म्हणाले आणि शिकवू लागले. मला वर बघवेना. वर बघितलं तेव्हा दिसलं, मागच्या दाराशी डी.एस.पी. साहेब उभे होते. कधी आले होते कोणास ठाऊक.

वर्ग संपला त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दिघे हवालदारांच्या कबुलीची चौकशी मी करायची, असा कागद पुढे केला.

मी म्हणालो, "सर, वीस वर्षं झाली. ते फौजदार वारले. आणि दिघ्यांचं नाव जमादाराच्या बढतीसाठी गेलेलं आहे. दोन महिन्यांत हुकूम येईल."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "मीच पाठवलंय ते." ते खुर्चीतून उठले. "बावीस अधिकाऱ्यांपुढे तो बोलला. मी ऐकलं नाही असं केलं, तर उद्या तुमच्यापैकी कोण ती पुस्तिका उघडेल? प्रश्न तुम्ही विचारला होता, आप्पासाहेब. उत्तरही तुम्हीच नोंदवा."

नोटीस द्यायला मी पोलीस लाइनीत त्यांच्या खोलीवर गेलो. दारात त्यांची बायको छबूबाई रेशनची मिलो ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"तुमीच इचारलं ना त्ये?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांम्होरं."

"हो, मीच."

"तीस वर्सं नोकरी झाली त्यांची. आता दोन म्हैन्यात जमादार हुतील म्हणून मी लेकीला सांगून ठिवलं हुतं."

"छबू, चहा टाक," आतून हवालदारांचा आवाज आला. ते खाटेवर गुडघ्याला शेक घेत होते. नोटीस त्यांनी पूर्ण वाचली, सही केली, तारीख घातली, वेळही घातली. मला म्हणाले, "साहेब, सूर्यभानचं गाव मी सांगतो. एकच विनंती. जबाब पुस्तिकेपरमानं घ्या. त्याला बसवा. आन् त्याच्या शब्दात लिहा, आपल्या न्हाई."

"हवालदार, तुम्ही म्हणाला असता की नाही गेली खोटी नोंद, तर विषय तिथंच संपला असता."

"व्हय," ते म्हणाले. "पण मी खुणा लिहायचं कलम शिकवत हुतो. तवाच कसं न्हाई म्हणू?" मग पाय सरळ करत म्हणाले, "लई दिवस झालं साहेब, दमलो मी त्यानं."

सूर्यभान त्याच्या गावात नव्हता. पाझर तलावाच्या कामावर होता. शे-दीडशे माणसं खणत होती, बाया डोक्यावरून माती वाहत होत्या. त्याला घण उचलता येत नव्हता म्हणून पाणी वाटायच्या कामाला लावलं होतं. डाव्या हातात डोलची, उजवा हात कोपरात वाकडा, पोटाशी धरलेला. पोलीस बघून त्यानं डोलची खाली ठेवली.

"आता काय केलं म्या?"

"काही नाही. बसा तुम्ही," मी म्हणालो आणि आधी स्वतःच मातीच्या ढिगावर बसलो. तो बसेना. मग मी विषय सांगितला. त्रेपन्न साल, बैलजोडी, कोपर. तो हळूहळू टेकला.

मी लिहायला सुरुवात केली, 'सदर इसम असे निवेदन करतो की.' हाताची सवय. ते खोडलं. त्याला म्हणालो, "तुम्ही बोला. तुम्ही बोलाल तसंच लिहितो."

तो बोलला. थांबत थांबत, कधी मागचं पुढे करत. काठी कसली होती ते सांगितलं. आवाज कसा आला ते सांगितलं. घरी गेल्यावर आईनं हळद बांधली, ती सहा महिन्यांनी वारली, तिला वाटत राहिलं की पोरगं खरंच ओढ्यात पडलं, कारण ठाण्यात तसं लिहिलं होतं आणि लिहिलेलं कसं खोटं असेल. लग्न जुळलं होतं ते मोडलं. हे मी सगळं लिहिलं. माझ्या नोकरीत असा जबाब मी आधी घेतला नव्हता. तास गेला असेल. मुकादम दोनदा येऊन बघून गेला.

"आणि दिघे हवालदार?" मी विचारलं.

"त्यांनी मारलं न्हाई. पानी दिलं मला. पन माझं लिहिलं न्हाई."

"त्यांना काय शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय करायचंय शिक्षेचं?" तो वैतागून म्हणाला. "लिहिलं ना समदं? वाच."

मी वाचलं. त्यानं एका ठिकाणी थांबवलं. आईचं नाव मी लिहिलं नव्हतं. "रंगुबाई," तो म्हणाला. मी घातलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग अंगठा दिला, डोलची उचलली आणि चढावरून निघाला. बाया त्याला हाका मारत होत्या.

माझा अहवाल गेला. त्यात मी जेवढं जमलं तेवढं हवालदारांच्या बाजूनं लिहिलं होतं, पण मुद्दा खोटा नव्हता. मार्चमध्ये हुकूम आला. बढती रद्द. बदली पाथर्डी तालुक्यातल्या एका दूरक्षेत्रावर, म्हणजे मोठ्या ठाण्यापासून लांबच्या दोन खोल्यांच्या चौकीवर. डी.एस.पी. साहेबांनी सही केली तेव्हा मी समोर होतो. ते म्हणाले, "बडतर्फी टाळली, एवढंच माझ्या हातात होतं." त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत, असं त्यांच्या शिपायाकडून कळलं.

जुलैत दुसरी तुकडी आली तेव्हा शिकवायला मला उभं केलं. हवालदारांचंच सायक्लोस्टाइल वाटलं. त्यावर त्यांचं नाव नव्हतं. मीही एका इन्स्पेक्टरांना उभं करून ठेवायचा प्रयत्न केला, पण मला पाच मिनिटांपुढे गप्प बसवलं नाही. पहिल्या तुकडीतल्या बाविसांपैकी चार-पाच ठाण्यांत नोंदी खरोखर बदलल्या. बाकीच्यांत तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच शाईनं महिनाभराच्या खुणा भरलेल्या सापडायच्या. ते वजनदार इन्स्पेक्टर मात्र बदलले. त्यांच्या ठाण्याच्या ओसरीवर मी स्वतः बाकडी टाकलेली पाहिली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाथर्डीकडे काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून हवालदारांना भेटलो. चौकीला कुलूप होतं. छबूबाई मागच्या खोलीत होत्या. आता त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या वाळल्या होत्या. "पानी दीड मैलावरनं आणती," त्या म्हणाल्या. "बाजारात गेल्यात त्ये. दर बाजाराला त्येच."

आठवडी बाजारात लिंबाखाली हवालदार पोत्यावर बसले होते, गुडघा लांब करून. पुढ्यात वही. समोर गोजरबाई नावाची म्हातारी बसली होती. दिरानं बांध कोरल्याचं सांगत होती, मधेच नवऱ्याच्या आजाराकडे वळत होती. हवालदार तिला थांबवत नव्हते. ती उठून गेल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि उठायला लागले. मी खांदा धरून बसवलं.

"चौकीवर कोणी येत न्हाई साहेब," ते म्हणाले. "सवयच न्हाई लोकांना. मग मीच येतो."

"काही होतं का याचं?"

"धा जणांतल्या दोघांचं होतं. बाकीचं नुसतं लिहून ऱ्हातं." त्यांनी डोळे चोळले. चेहरा फार ओढलेला दिसत होता.

मी विचारलं, सूर्यभानला कधी भेटलात का?

"गेल्तो एकदा. बदलीच्या आधी. ओळखलं त्यानं लगेच. वट्यावर बसलो दोघं. मी म्हणलं, चुकलं माझं. त्यानं चंची सोडली. तंबाखू काढली, मला दिली, सवता खाल्ली. बराच वेळ बसलो. मग त्याला कामावर जायचं हुतं, त्यो गेला."

"एवढंच?"

"एवढंच," हवालदार म्हणाले. तेवढ्यात एक माणूस टोपी हातात घेऊन समोर येऊन उभा राहिला. हवालदारांनी त्याला पोत्याचा कोपरा दाखवला आणि वहीचं पान उलटलं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, हवालदार म्हणूनच. माझी तेव्हा सोलापूरकडे बदली झाली होती, मला पत्रानं कळलं. ते संगमनेरकडे गावी गेले, लेकीजवळ. पत्र लिहिणाऱ्यानं गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय असंही लिहिलं होतं. झालं की नाही, मला माहीत नाही.